शिकागो की फ्रायबुर्ग : मुक्त बाजार मानणाऱ्याने बिऱ्हाड कुठे करावं?

बाजार हवा की सरकार, हा वाद ज्यांच्या मनात अजून मिटलेला नाही त्यांच्यासाठी हा लेख नाही. हुकमाने भाव बांधला की माल गायब होतो, लांब कुठेतरी बसलेल्या नियोजकाला सगळ्यांच्या गरजा कळत नसतात, मक्तेदाराला गिऱ्हाइकाची पर्वा उरत नाही, एवढं ज्यांना पटलंय आणि तरीही 'मग सरकारने नेमकं करायचं तरी काय?' इथे जे अडलेत, त्यांच्याशी बोलायचंय. अशा माणसाचं थोडंफार वाचन झालं की त्याला अर्थविचाराच्या दोन घराण्यांचे पत्ते सापडतात. एक शिकागो, दुसरा फ्रायबुर्ग. दोन्ही घरांत देव एकच, भांडण आहे ते पूजा कशी करायची यावरून. मी पहिल्या पत्त्यावर दहाएक वर्षं राहिलो, मग बिऱ्हाड हलवलं. सगळं सामान नेलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

शिकागो, म्हणजे अमेरिकेतल्या त्या विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ, बहुतेकांना ठाऊक असतं : मिल्टन फ्रीडमन, जॉर्ज स्टिगलर, रोनाल्ड कोझ. फ्रायबुर्ग या जर्मन विद्यापीठाचं नाव जर्मनीबाहेर त्या मानाने कमी ऐकू येतं. तिथे अर्थशास्त्रज्ञ वाल्टर ऑयकेन आणि कायद्याचे अभ्यासक फ्रान्झ ब्योम यांनी १९३० च्या दशकात एकत्र बसून विचार मांडला. त्याला पुढे 'ऑर्डोलिबरल' म्हणू लागले. ऑर्डो म्हणजे लॅटिनमध्ये व्यवस्था. राजकारणात हा विचार पुढे पश्चिम जर्मनीचे अर्थमंत्री झालेले लुडविग एरहार्ड यांच्या रूपाने आला. ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञ फ्रीडरिक हायेक यांना मी या तुलनेत मुद्दाम घेत नाही. ते १९५० ते १९६२ शिकागोत होते (तेही अर्थशास्त्र विभागात नव्हे, सामाजिक विचारांच्या समितीत) आणि तिथून उठून थेट फ्रायबुर्गला प्राध्यापक म्हणून गेले. त्यामुळे दोन्ही घरं त्यांच्यावर हक्क सांगतात आणि दोघांचीही थोडी पंचाईत होते.

हे भांडण काही आजचं नाही. एप्रिल १९४७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या मों पेलराँ इथे ही सगळी मंडळी पहिल्यांदा एकत्र जमली. फ्रीडमन, स्टिगलर, ऑयकेन, सगळे होते. उत्पन्नाच्या वाटपावर चर्चा चालली असताना बाजाराचे कट्टर पुरस्कर्ते, ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञ लुडविग फॉन मिझेस उठले, 'तुम्ही सगळे समाजवादी आहात' असं म्हणाले आणि तरातरा निघून गेले. हा किस्सा फ्रीडमन यांनी पुढे अनेकदा सांगितला. फ्रीडमनना समाजवादी म्हणणारा माणूस ज्या खोलीत होता, त्या खोलीत 'मुक्त बाजार' या शब्दाचे किती अर्थ फिरत असतील याची कल्पना करा.

शिकागोच्या प्रेमात मी पुस्तकामुळे पडलो नाही, एका रकान्यामुळे पडलो. व्यवसायाच्या परवान्याचं नूतनीकरण करायचं होतं. ऑनलाइन अर्ज, बावीस रकाने. त्यातला सतरावा : 'फॅक्स क्रमांक', शेजारी लाल तारा. फॅक्सचं यंत्र मी आयुष्यात फक्त दुसऱ्यांच्या कचेरीत पाहिलेलं. रकाना रिकामा ठेवला की अर्ज पुढे सरकेना. शेवटी दहा शून्यं ठोकून दिली. अर्ज मंजूर झाला. पुढच्या वर्षी अर्ज उघडला तर आधीची माहिती आपोआप भरून आलेली, आणि त्यात माझा फॅक्स क्रमांक म्हणून दहा शून्यं छापलेली. कोणीतरी ती नोंदवून घेतली होती. अजूनही कुठल्यातरी सर्व्हरवर मी त्या क्रमांकाचा मालक आहे.

या रकान्यावर हसून सोडून देणं सोपं आहे. स्टिगलर यांनी त्याच्याही आधीचा प्रश्न विचारला : तो परवाना मुळात आहे कशाला? १९७१ च्या त्यांच्या लेखाचा गाभा असा की नियमन हे बऱ्याचदा त्या धंद्यातल्या प्रस्थापितांनीच मिळवलेलं असतं आणि त्यांच्याच सोयीने आखलेलं असतं. आपण म्हणतो, कुंपणानेच शेत खाल्लं. स्टिगलर एक पाऊल पुढे जातात : शेत खाता यावं म्हणूनच तर कुंपण घातलं होतं!

याला पुरावा हवा असेल तर अमेरिकेतली विमानसेवा पाहा. १९३८ मध्ये तिथे नागरी विमान वाहतुकीचं मंडळ नेमलं गेलं. कोणी कुठल्या मार्गावर उडायचं आणि किती भाडं घ्यायचं हे ते मंडळ ठरवायचं. चाळीस वर्षांत त्याने मुख्य मार्गांवर एकाही नव्या मोठ्या कंपनीला पाय ठेवू दिला नाही. पण मंडळाची सत्ता फक्त राज्याराज्यांमधल्या उड्डाणांवर होती. कॅलिफोर्निया किंवा टेक्सासच्या आतल्या आत उडणारी विमानं त्याच्या हाताबाहेर होती, आणि तेवढ्याच अंतराचं भाडं तिथे डोळ्यांत भरण्याइतकं कमी होतं. विमान तसंच, आकाश तेच. १९७८ मध्ये कायदा बदलला आणि १९८४ अखेर मंडळच बंद झालं. हा बदल रेटणारे मंडळाचे अध्यक्ष आल्फ्रेड कान हे स्वतः शिकागोचे नव्हते, पण शिकागोने वर्षानुवर्षं जमीन नांगरून ठेवली होती.

दुसरं उदाहरण मला त्याहून आवडतं. रेडिओच्या लहरी सरकार आपल्या मर्जीने फुकट वाटत असे. कोझ यांनी १९५९ मध्ये लिहिलं की त्या लिलावाने विका. ते दळणवळण आयोगासमोर साक्षीला गेले तेव्हा एका सदस्याने त्यांना पहिलाच प्रश्न टाकला, की प्राध्यापकमहाशय, ही सगळी थट्टा तर नाही ना? अमेरिकेत लहरींचा पहिला लिलाव झाला १९९४ मध्ये, आणि आज जगभर सरकारं त्यावर तिजोरी भरतात.

तर शिकागोचं देणं हे : प्रत्येक नियमाकडे संशयाने पाहायची सवय. यात फायदा कोणाचा झाला, हा प्रश्न. ही सवय एकदा लागली की सुटत नाही, सुटूही नये. माझं जे थोडं सामान अजून त्या घरात आहे ते हेच.

फ्रायबुर्गचा उगम निराळ्या दुखण्यातून आहे, आणि ते दुखणं समजलं नाही तर हे लोक उगाच सरकारधार्जिणे वाटतात. शिकागोला छळत होतं सरकार. फ्रायबुर्गला आधी छळलं ते कराराने.

जर्मनीतल्या सॅक्सनीमध्ये लाकडाच्या लगद्याच्या कारखानदारांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपसात करार केला होता : माल विकायचा तो सगळ्यांनी मिळून उघडलेल्या एकाच विक्री कचेरीतून, म्हणजे भाव पडणार नाहीत. एका सभासदाने बाहेर परस्पर माल विकला. संघाने करारातला दंड मागितला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १८९७ मध्ये न्यायालयाने संघाच्या बाजूने कौल दिला. करार स्वखुशीने केला होता ना? मग पाळा. करारस्वातंत्र्य पवित्र! या एका निकालाने कार्टेलना, म्हणजे भाव पडू नयेत म्हणून कारखानदारांनी केलेल्या अशा संघांना, कायद्याची कवचकुंडलं मिळाली. पुढच्या तीन दशकांत जर्मनीत कार्टेलं हजारांवर गेली, आणि १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आल्यावर त्यांनी कायदा करून कारखानदारांना कार्टेलमध्ये जबरदस्तीने कोंबायची सोय केली. स्वखुशीने सुरू झालेलं हुकमावर संपलं.

ब्योम यांनी १९२० च्या दशकात अर्थमंत्रालयाच्या कार्टेल विभागात नोकरी केली होती. हे कागद रोज त्यांच्या टेबलावर येत. त्यांनी १९२८ मध्येच खाजगी सत्तेच्या प्रश्नावर लिहिलं. सत्ता मंत्र्याच्या खुर्चीत बसली काय किंवा कारखानदारांच्या संघाच्या कचेरीत बसली काय, समोरच्याला दुसरा रस्ता उरला नाही की ती सत्ताच. म्हणून फ्रायबुर्गचं म्हणणं : सरकार बळकट हवं, पण त्याने खेळाचे नियम ठरवावेत, खेळी ठरवू नयेत. बाजारात शिरायची वाट मोकळी ठेवा, पैशाची किंमत टिकवा, मक्तेदारी होऊ देऊ नका, धोरण दर सहा महिन्यांनी बदलू नका, आणि मग बाजूला व्हा. भाव किती, माल किती, कारखाना कुठे, हे विचारू नका.

बाजूला होणं म्हणजे काय, ते एरहार्ड यांनी दाखवलं. २० जून १९४८ ला पश्चिम जर्मनीत नवं चलन आलं, आणि त्याबरोबरच त्यांनी बऱ्याचशा वस्तूंवरची भावबंदी उठवली. त्या कायद्याचा मसुदा ऑयकेन यांचे शिष्य लिओन्हार्ड मिक्श यांनी लिहिला होता. फ्रायबुर्गवाले सरकारधार्जिणे असते तर त्या भुकेल्या देशात, तीन-तीन परकी सैन्यं बसलेली असताना, हे धाडस केलंच नसतं.

आता, एवढ्यावर माझा निर्णय झाला नव्हता. पुस्तकात दोन्ही बाजू पटतात. निर्णय झाला तो एका बटणामुळे.

आमचा पाच जणांचा छोटा व्यवसाय. बिलं, येणी-देणी, ग्राहकांचे पत्ते, सगळं एका बिलिंगच्या सॉफ्टवेअरवर. नऊ वर्षं. सॉफ्टवेअर चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. एका सकाळी लॉगिन केल्यावर पडद्यावर चौकट आली : 'आमच्या अटी बदलल्या आहेत.' खाली करड्या रंगाचं बटण, 'मान्य आहे'. मजकूर तळापर्यंत सरकवल्याशिवाय ते निळं होत नव्हतं. 'मान्य नाही' असं बटणच नव्हतं. कोपऱ्यात एक फुली होती, ती दाबली की पुन्हा लॉगिनचं पान. त्या दिवशी अकरा बिलं पाठवायची होती. मी मजकूर सरकवला, बटण निळं झालं, दाबलं.

वर्गणी वाढली असती तर मी कुरकुर करून भरली असती. वैताग निघाला तो तीन महिन्यांनी. त्यांच्याकडे काहीतरी सुधारणा झाली आणि आमच्या बिलांवरचे कराचे आकडे उलटेपालटे झाले. दोन ग्राहकांना चुकीची बिलं गेली. एकाने पैसे अडवून धरले. हिशेब दुरुस्त करायला वेगळे पैसे मोजावे लागले, ते सोडा, पण ज्या ग्राहकाशी सहा वर्षांचा व्यवहार होता त्याच्यासमोर मान खाली घालावी लागली. तक्रार केली. उत्तर दोन दिवसांत आलं, अतिशय नम्र. चूक आमच्याकडून झाली, असं त्यांनी सरळ लिहिलं होतं. आणि पुढच्याच ओळीत, आपण मान्य केलेल्या अटींमधलं अमुक कलम पाहावं. कलमात लिहिलं होतं की सेवेच्या वापरातून होणाऱ्या कोणत्याही प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष नुकसानीला कंपनी जबाबदार राहणार नाही.

चूक कबूल, आणि तरी हात वर! मला आजही त्या पत्रातल्या त्या दोन ओळींमधली रिकामी जागा आठवते.

मग शिकागोचं रामबाण औषध घेतलं : पटत नाही ना, दुसरीकडे जा. जायला कोणी अडवलं नव्हतं. फक्त बिलं बाहेर काढायची सोय अशी : एक बिल उघडा, 'छापा' दाबा, पीडीएफ साठवा, बंद करा, पुढचं उघडा. चार हजारांवर बिलं. मी विषम क्रमांक घेतले, सहकाऱ्याने सम. आठ संध्याकाळी गेल्या. पीडीएफ म्हणजे बिलाचा फोटोच, आकडे नव्या ठिकाणी पुन्हा हाताने भरायचे ते वेगळंच.

तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी, कुठल्यातरी विषम बिलावर, मला कोझ आठवले. त्यांचा १९६० चा तो प्रसिद्ध लेख सांगतो की त्रास हा एकतर्फी नसतो. कारखान्याचा धूर शेजाऱ्याला छळतो हे खरं, पण धूर बंद करा म्हटलं की तुम्ही कारखान्याला छळता. तेव्हा कोण वाईट हे विचारू नका, कोणता त्रास टाळणं स्वस्त पडतं ते पाहा. ठीक आहे, पाहू. सगळी बिलं एकदम बाहेर काढणारं एक बटण बनवायला त्यांच्या एका माणसाला किती वेळ लागला असता? जाणकार मित्राला विचारलं, तो म्हणाला, फार तर दोन दिवस. ते बटण नव्हतं म्हणून दोन माणसांच्या आठ संध्याकाळी, आणि माझ्यासारखे त्यांचे ग्राहक किती असतील कोण जाणे. कोझ यांच्याच तराजूत टाकलं तरी पारडं माझ्या बाजूला झुकत होतं. कोझ यांचा तो लेख वाचून जे लोक 'आपसात करार करा, सगळं सुटेल' असं सांगतात, ते त्यांचा अर्धाच लेख सांगतात. करार करायला, मोडायला, बदलायला जो खर्च येतो तोच त्यांच्या लेखातला खरा मुद्दा होता. त्याबद्दल ते स्वतःही तक्रार करत.

आणि मग ऑयकेन पुन्हा उघडले. ते १९५० मध्ये लंडनला व्याख्यानं द्यायला गेले असताना तिथेच वारले. आर्थिक धोरणाच्या तत्त्वांवरचं त्यांचं मोठं पुस्तक मागाहून, १९५२ मध्ये आलं. त्यात स्पर्धेच्या व्यवस्थेचे जे सात खांब सांगितलेत, त्यातला एक पहिल्या वाचनात मी जवळजवळ ओलांडून गेलो होतो : जबाबदारी. ज्याला लाभ मिळतो त्यानेच तोटा सोसला पाहिजे. आपल्या भाषेत, खाई त्याला खवखवे. ऑयकेन याला नीतीचा धडा म्हणून सांगत नाहीत, यंत्राचा भाग म्हणून सांगतात. चुकीचा खर्च चूक करणाऱ्यावर पडला तरच तो जपून वागेल, तरच किंमत खरं बोलेल. चुकीचा खर्च कलमाआडून दुसऱ्यावर ढकलता आला तर स्वस्त सॉफ्टवेअर खरं तर स्वस्त नसतंच, त्याच्या किमतीतला एक तुकडा माझ्या आठ संध्याकाळींत लपलेला असतो. मर्यादित जबाबदारीच्या कंपन्यांबद्दलही ऑयकेन यांना याच कारणाने शंका होत्या, आणि त्यांनी त्या लपवल्या नाहीत.

मला हे पटलं ते मुख्यतः यासाठी की यात निरीक्षक नाही. वर्गणीवर मर्यादा घाला असं फ्रायबुर्ग म्हणणार नाही. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना परवाना लावा, असंही नाही. म्हणणं एवढंच : स्वतःच्या गंभीर चुकीची जबाबदारी छापील अटींत झटकता येणार नाही. जर्मनीत १९७७ पासून अशा छापील अटींसाठी वेगळा कायदा होता, २००२ मध्ये तो नागरी संहितेत घेतला गेला. ढोबळ निष्काळजीपणाची जबाबदारी छापील अटींमधून काढून टाकली तर ते कलमच रद्द. माझ्या प्रकरणातली चूक 'ढोबळ' ठरली असती का, यावर वकील दोन तास बोलतील, मी बोलत नाही. पण निदान बोलणी त्या जागेवरून सुरू झाली असती.

शिकागोवर अन्याय होऊ नये म्हणून पुढचंही सांगतो. दीड वर्षानंतर एका दुसऱ्याच कंपनीने त्या जुन्या सॉफ्टवेअरमधून सगळी बिलं ओढून घेणारं साधन काढलं. फुकट. अर्थातच त्यांचे ग्राहक वाढावेत म्हणून. म्हणजे बाजाराने आपलं काम केलं. माझ्या उपयोगाला आलं नाही, पण माझ्यासारख्या पुढच्यांच्या आलं असेल. आणि यासाठी सरकारने नियम काढायचा म्हटलं असतं तर दीड वर्षात समिती नेमून झाली असती की नाही कुणास ठाऊक, आणि नियमाला जोडून आलेल्या अर्जात फॅक्सचा रकाना असता.

हाच धागा पुढे ओढायचा तर युरोपात पाहा. माहिती एका सेवेतून दुसऱ्या सेवेत नेण्याची वाट अडवू नये म्हणून युरोपीय संघाचा कायदा सप्टेंबर २०२५ पासून लागू झालाय. क्लाउड सेवा बदलण्यासाठी लावलं जाणारं शुल्क जानेवारी २०२७ पासून पूर्ण बंद होणार आहे. कल्पना अगदी फ्रायबुर्गी : बाहेर पडायचं दार उघडं ठेवा, बाकी तुमचं तुम्ही बघा. पण हे कायदे कधी उघडून पाहा. ऑयकेन यांचे सात खांब एका पानावर मावतात, आणि त्यांच्या वारसांची ही जाडजूड बाडं वाचायला वकील ठेवावा लागतो. छोट्याला तो परवडत नाही, मोठ्याकडे अख्खं खातं असतं. इथे स्टिगलर कोपऱ्यात बसून मिशीत हसत असणार.

फ्रायबुर्गची दुखरी नस नेमकी हीच आहे. नियम ठरवणारं बळकट सरकार प्रामाणिकच राहील, हे ते धरून चालतात. बळकट सरकारच्या दारात रांग कोणाची लागते, याचा विचार शिकागोने केला तेवढा त्यांनी केला नाही. स्पर्धेच्या कायद्यासाठी एरहार्ड आणि खासदार झालेले ब्योम यांना उद्योगपतींच्या संघाशी इतकी वर्षं झगडावं लागलं की त्याला सप्तवार्षिक युद्ध म्हणत. कायदा १९५७ मध्ये मंजूर झाला, १ जानेवारी १९५८ ला लागू झाला, आणि तोवर त्याला अपवादांची बरीच ठिगळं लागलेली होती. शिवाय ज्या देशात हा विचार जन्मला, तिथेच कारागिरीचे कितीतरी धंदे 'उस्ताद' असल्याचं प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय सुरू करता येत नाहीत. २००४ मध्ये ही अट ९४ धंद्यांवरून ४१ वर आणली, आणि २०२० मध्ये १२ धंद्यांवर ती परत लादली! फरशी बसवणाराही त्यात आला. फ्रीडमन यांनी १९६२ मध्ये परवान्यांवर जे लिहिलं ते या एका उदाहरणासाठी लिहिल्यासारखं वाटतं. बाजारात शिरायची वाट मोकळी ठेवा म्हणणाऱ्यांच्या अंगणात ही फाटकं.

मग शिकागोत काय खटकतं? एक गोष्ट, आणि ती सुरुवातीला तिथे नव्हती. शिकागोच्या पहिल्या पिढीतले हेन्री सायमन्स यांनी १९३४ मध्ये जी पुस्तिका लिहिली ती वाचताना मला क्षणभर वाटलं की फ्रायबुर्गचंच भाषांतर वाचतोय. खाजगी मक्तेदारी मोडा, त्यासाठी सरकार वापरा, असं ते बेधडक म्हणतात. पुढच्या पिढीने मात्र मत बदललं : खाजगी मक्तेदारी फार दिवस टिकत नाही, सरकारी टिकते, तेव्हा दुर्लक्ष करा. १९७८ मध्ये शिकागोत शिकलेले कायदेपंडित रॉबर्ट बोर्क यांनी स्पर्धेच्या कायद्याची कसोटी ग्राहकहितापुरती आवळली, आणि व्यवहारात ती कसोटी 'भाव वाढला का?' एवढ्यावर येऊन ठेपली. जिथे सेवाच फुकट, तिथे भाव काय वाढणार? जर्मनीच्या स्पर्धा कार्यालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये फेसबुकविरुद्ध आदेश काढला तो वेगळीकडची माहिती परवानगीशिवाय एकत्र करण्याबद्दल होता, पैशाबद्दल नव्हता. हे प्रकरण शिकागोच्या फुटपट्टीवर मोजताच येत नाही. फ्रायबुर्गच्या मोजता येतं, कारण तिथे विचारतात की समोरच्याला दुसरा रस्ता होता का.

२००८ च्या आर्थिक संकटाबद्दल फार बोलत नाही, सगळे बोलून थकलेत. एवढंच की २३ ऑक्टोबर २००८ ला अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे माजी अध्यक्ष ॲलन ग्रीनस्पॅन यांनी अमेरिकी संसदेच्या समितीसमोर मान्य केलं की बँका स्वतःच्या हितासाठी तरी स्वतःला सांभाळतील हे आपलं गृहीतक चुकलं. मला त्यात ऑयकेन यांचाच खांब निखळलेला दिसतो. नफा झाला तर बक्षीस आपलं, बुडालं तर भरणारा दुसरा. आयजीच्या जिवावर बायजी उदार. अशा जागी स्वहित कोणाला सावध करणार? बँकांना सरकारी पैशाने वाचवण्याला शिकागोतल्याही अनेकांनी तेव्हा विरोध केला होता, ही त्यांच्या बाजूची नोंद.

तुम्ही कुठे जावं? ज्यांचं आयुष्य परवाने, ना-हरकत दाखले आणि नूतनीकरणात चाललंय, ज्यांच्या धंद्यात नवा माणूस शिरू नये म्हणून जुने लोक कायद्याची भाषा बोलतात, त्यांनी आधी स्टिगलर वाचावेत. त्यांना फ्रायबुर्ग सुरुवातीला भाबडं वाटेल, आणि ते चूक नाही. ज्यांचा सामना सरकारपेक्षा मोठ्या पुरवठादाराशी, मोठ्या खरेदीदाराशी, एका बटणाच्या कराराशी होतो, त्यांना शिकागोची उत्तरं बरोबर असूनही उशिरा पोचणारी वाटतील. मला तरी तशी वाटली. हे माझ्या धंद्यामुळे असेल, किंवा त्या आठ संध्याकाळींमुळे. दुसऱ्या कोणाला विमानाचं भाडं आठवेल आणि तो उलट सांगेल, त्याच्याशी मी भांडणार नाही. पण दोन्हींतलं एकच पुस्तक आज उचलायचं म्हटलं तर माझा हात ऑयकेन यांच्याकडे जातो. जडशीळ आहे, विनोद औषधालाही नाही, फ्रीडमन यांच्यासारखी लखलखीत वाक्यं तर शोधून सापडत नाहीत. तरी जातो.

नवं सॉफ्टवेअर घेताना मी अटी शेवटून वाचायला घेतल्या, कारण जबाबदारीचं कलम बहुधा तिथेच दडलेलं असतं. होतंच. फरक एवढाच की इथे हात पूर्ण वर नाहीत : कंपनीची जबाबदारी मागच्या बारा महिन्यांत भरलेल्या वर्गणीइतकी. खाली बटण होतं. या वेळी शेजारी 'सगळी माहिती उतरवून घ्या' असंही एक बटण होतं. आधी ते दाबून पाहिलं, चालतंय ना याची खात्री केली, आणि मग दुसरं दाबलं.